मॉनिटर : खेळासाठी की खतावणीसाठी?

दिवाळीच्या वहीपूजनात लाल चोपडीशेजारी आता अनेक पेढ्यांवर संगणकही मांडला जातो. रोजमेळ, खतावणी, ई-वे बिल, जीएसटीचे विवरणपत्र हे सारे त्याच्या पडद्यावर आले असल्याने हा मान त्याला मिळाला, यात नवल नाही. चोपडी निवडताना मात्र कागदाचा पोत आणि शाईचा उठाव बोटांनी पारखला जाई. पडदा निवडताना तेवढी पारख क्वचितच होते.

गिरगावातील खोताच्या वाडीसारख्या जुन्या वस्तीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. दादोबा वामन खोत यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाडीत लाकडी सज्जे आणि अरुंद गल्ल्या आहेत. आसपासच्या इमारतींतील खोल्याही लहानच. घरात टेबल एक, म्हणून मॉनिटरही एक. दिवसा त्यावर वडील हिशेब पाहतात आणि रात्री महाविद्यालयात जाणारा मुलगा खेळ खेळतो. वडिलांना अक्षर स्पष्ट हवे असते, तर मुलाला ‘१४४ हर्ट्झ’ हवे असते. वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर संगणकाच्या सामानासाठी प्रसिद्ध असलेला लॅमिंग्टन रोड आहे. १९०३ ते १९०७ या काळातील मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव लोकांच्या तोंडी राहिले असले, तरी या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. तेथील दुकानात उभे राहिल्यावर बापलेकांचा वाद मिटवायचा, तर दोघांच्या मागणीचा अर्थ आधी समजून घ्यावा लागतो.

हर्ट्झ म्हणजे पडदा एका सेकंदात किती वेळा चित्र बदलतो, याचे माप. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर सुमारे ६.९. धावत्या मोटारीच्या किंवा नेमबाजीच्या खेळात हा फरक डोळ्यांना आणि हाताला जाणवतो. खतावणीचे पान मात्र स्थिर असते. त्यातील आकडा वेगाने अधिक ठळक होत नाही. शिवाय मॉनिटर कितीही वेगवान असला, तरी सेकंदाला तितकी चित्रे तयार करण्याची ताकद संगणकाच्या ग्राफिक्स कार्डात असावी लागते. ती नसेल, तर वेगासाठी मोजलेल्या पैशाचा खेळात पुरेसा उपयोग होत नाही.

अक्षराची स्पष्टता ठरते ती बिंदूंच्या दाटीवर. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. २५६० × १४४० च्या पडद्यावर ३६,८६,४००. पहिल्या प्रकारचा पडदा २४ इंची असेल, तर एका इंचात सुमारे ९२ बिंदू बसतात; तोच २७ इंची घेतला, तर सुमारे ८२ च उरतात. म्हणजे पडदा मोठा झाला आणि अक्षर विरळ झाले! २७ इंचांत २५६० × १४४० घेतल्यास ही दाटी सुमारे १०९ पर्यंत जाते. चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाला संध्याकाळी ३ आणि ८ यांतला फरक येथेच कळतो. एका चुकलेल्या आकड्यापायी बीजक दुरुस्त करावे लागते, पक्षकाराची माफी मागावी लागते. त्या मानाने पडद्याच्या किमतीतील फरक लहान असतो.

तिसरा विचार पॅनेलचा. टीएन पॅनेल स्वस्त व चपळ असते. पण बाजूने पाहिले की त्यातील रंग फिके पडतात. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद दिसतो. परंतु अंधाऱ्या दृश्यातील हालचालीमागे कधी कधी सावली रेंगाळते. आयपीएसवर कोणत्याही बाजूने रंग बरेचसे स्थिर राहतात. मंगलदास मार्केटमधील कापडाचे किंवा झवेरी बाजारातील दागिन्याचे छायाचित्र ग्राहकाला पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने आयपीएसच घ्यावे आणि एसआरजीबी या रंगमापाची टक्केवारी शंभराच्या जवळ आहे का, हेही पाहावे. राणी रंगाचे कापड पडद्यावर गुलाबी दिसले, तर माल परत येतो.

या सर्वांचा मेळ घातला, तर एका घरातील सामाईक मॉनिटरसाठी २७ इंची, २५६० × १४४०, आयपीएस आणि १०० किंवा त्याहून अधिक हर्ट्झ ही निवड दोघांनाही न्याय देते. खर्च आवरायचा असल्यास २४ इंची, १९२० × १०८० आयपीएस घ्यावा. साध्या मॉनिटरांतही आता ७५ किंवा १०० हर्ट्झ मिळू लागले आहेत. पैसे एकाच गुणावर खर्च करता येणार असतील, तर आधी स्पष्टता आणि मग वेग, हा क्रम ठेवावा. कारण पडद्यासमोर अधिक तास बसतो तो हिशेब पाहणारा.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर आपलेच एखादे दाट एक्सेलचे पान न्यावे. घरातील वडीलधाऱ्यांनी हातभर अंतरावर बसून ते वाचावे. नंतर मुलाने पाच मिनिटे खेळ चालवून पाहावा. खोके दुकानातच उघडून कुठे मृत बिंदू नाही ना, ते तपासावे आणि तसा बिंदू आढळल्यास बदलून मिळण्याची अट विचारून घ्यावी. खरेदी पेढीच्या नावे असल्यास बिलावर जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. मात्र वापर अंशतः घरगुती असेल, तर कराची वजावट व्यवसायाच्या वाट्यापुरतीच मिळते, हे ध्यानात असावे.

घरी आल्यावर दोन कामे उरतात. खिडकीचा उजेड पडद्यावर सरळ न पडता बाजूने येईल, असे टेबल लावावे. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झचा आकडा स्वतः वाढवावा. अनेकदा तो ६० वरच राहून गेलेला असतो. मग दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे नजर टाकण्याची सवय लावावी. हा नियम हिशेब करणाऱ्यालाही लागू आहे आणि खेळणाऱ्यालाही.