वाटाड्या घ्यावा की नकाशा?

एके काळी बडोदे संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे. चित्ते सांभाळणाऱ्या जाणत्या माणसांवाचून राजेरजवाड्यांचेही तेथे चालत नसे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे शिकारीचा छंद संपला. रानाची हौस मात्र राहिली. तिच्याबरोबर जुना प्रश्नही राहिला: अनोळखी जंगलात वाटाड्या घेऊन जावे की सारे आपणच आखावे?

बडोद्याहून सुमारे ७० किलोमीटरवरील जांबुघोडा अभयारण्याचेच पाहा. १९९० साली घोषित झालेल्या, सुमारे १३० चौरस किलोमीटरच्या या रानात साग, बांबू व मोह आहेत. बिबटे आणि अस्वलेही आहेत. स्वतः आखलेली सहल स्वस्त पडते, वेळही आपल्या हाती राहतो. परंतु नकाशात वाट दिसते, ऋतू दिसत नाही. उन्हाळ्याच्या तोंडी मोहाची फुले गळतात व अस्वले ती खायला येतात. अस्वलाची नजर मंद; माणूस एकाएकी समोर आला की ते बिथरून अंगावर येते. पहाटे कोणत्या बाजूला फिरकू नये, हे तिथल्या रहिवाशालाच ठाऊक असते.

तेव्हा वाहन, शिदोरी, मुक्काम आणि वनखात्याची परवानगी ही कामे आपण करावीत. पायी रानात शिरताना मात्र स्थानिक वाटाड्या घ्यावाच, व त्याची मजुरी आधी ठरवावी. वाणिज्य शाखेच्या भाषेत ती विम्याचा हप्ता होय. काही विपरीत घडले नाही, म्हणून ती वाया गेली असे कोणी म्हणू नये.