छपरावरील वीज : आधी हिशेब, मग करार

सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारा सिलिकॉनचा पहिला उपयुक्त घट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. त्या वेळी ही वीज सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. आज तिची किंमत पुष्कळ उतरली आहे. तरीही शेतकऱ्यापुढे प्रश्न उरतोच : आरंभीची रक्कम आणावयाची कोठून, आणि ती वसूल होणार केव्हा?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजने’त घरगुती ग्राहकास १ किलोवॅटच्या संचाकरिता ३०,००० रुपये, २ किलोवॅटकरिता ६०,००० रुपये आणि ३ किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचाकरिता ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले. हे अनुदान संच बसून तपासणी झाल्यानंतरच बँक खात्यात जमा होते. म्हणून आधीच्या रकमेसाठी सावकाराचे दार ठोठावू नये. योजनेखाली बँकांकडून तारणावाचून कर्जाची सोय आहे.

संच केवढा घ्यावा, हे शेजाऱ्याचे छप्पर पाहून ठरवू नये. मागील बारा महिन्यांच्या वीजबिलांतील युनिटांची बेरीज करून तिला बाराने भागावे. १ किलोवॅटचा संच दिवसास सरासरी ४ युनिटे, म्हणजे महिन्यास १०० ते १२० युनिटे वीज देतो. पावसाळ्यात ती घटते. ज्या घरी महिन्यास १०० युनिटे लागतात, तेथे १ किलोवॅट पुरेसा होय. गरजेपेक्षा मोठा संच घेतल्यास वर्षअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांना मोबदला कमी मिळतो, आणि कर्जाचे हप्ते मात्र पूर्ण भरावे लागतात.

उदाहरणार्थ, १ किलोवॅटच्या संचास ६०,००० रुपये पडले असे समजू. अनुदान वजा जाता ३०,००० रुपये घरचे. दर युनिटास ७ रुपये धरल्यास महिन्यास ७०० रुपये वाचतात व रक्कम सुमारे ४३ महिन्यांत वसूल होते. कर्ज काढल्यास व्याजामुळे ही मुदत लांबते. बिलातील स्थिर आकार चालूच राहतो, हेही ध्यानात असावे.

एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. बॅटरी नसलेला संच गावची वीज जाताच आपोआप बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कामगाराच्या जिवाला धोका पोहोचू नये, म्हणून ही व्यवस्था असते. भारनियमनात दिवा लागेल या आशेने कोणी पैसे भरू नयेत.

१ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट, सावली नसलेली जागा लागते. पट्टांचा रोख दक्षिणेस असावा. धूळ साचल्यास सकाळी, पट्ट थंड असताना, पाण्याने धुवावी.

ग्रामसेवकाने गावकऱ्यांची बिले एकत्र बसून तपासावीत, दोन-तीन नोंदणीकृत विक्रेत्यांचे दर लेखी मागवावेत आणि दुरुस्तीची हमी वाचून दाखवावी. सही त्यानंतरच व्हावी.