डाळ शिजत नाही? आधी विहिरीचे पाणी तपासा

वसई ते डहाणू या किनारपट्टीवर उन्हाळ्यात वाडी पाहायला गेलो, की घरातल्या ताईंना मी एक प्रश्न हमखास विचारतो, "सध्या डाळ शिजायला वेळ लागतो का?" बागायतदार हसतात. पण घरातल्या नळाला आणि वाडीतल्या ठिबकला बहुतेक ठिकाणी पाणी एकाच विहिरीचे असते. पिकाच्या पानांच्या कडा करपण्याच्या कितीतरी आधी पाण्यातला बदल स्वयंपाकघरात कळतो.

पाण्यात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचे क्षार वाढले की पाणी जड होते. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हटले आहे. साबणाचा फेस होण्याऐवजी करडा साका तयार होतो, तो कपड्यांत आणि केसांत अडकतो. डाळीच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन कॅल्शिअमशी जोडले गेले की ते सहज विरघळत नाही, म्हणून कुकरच्या शिट्ट्या वाढवूनही वरण एकजीव होत नाही. गिझरच्या कॉइलवर थर बसतो आणि वीज जास्त लागते.

पाणी उकळून उपयोग होतो का?

जडपणा कोणत्या क्षारांचा आहे, त्यावर ते अवलंबून आहे. बायकार्बोनेटचा असेल तर उकळल्यावर क्षार पांढऱ्या थराच्या रूपात भांड्याला बसतात आणि पाणी हलके होते. क्लोराइड आणि सल्फेटचा जडपणा मात्र उकळून जात नाही. तुरटीनेही जात नाही. तुरटी गढूळपणा खाली बसवते, विरघळलेले क्षार नाही. भांड्यावरचा थर काढायला चिंचेचा कोळ किंवा लिंबूसत्त्व पुरते.

किनाऱ्यावर अडचण आहे ती या दुसऱ्या प्रकारची. समुद्राच्या पाण्याचा जडपणा लिटरला सुमारे ६,३०० मिलिग्रॅम असतो आणि त्यातला मोठा वाटा मॅग्नेशिअमचा. विहिरीत केवळ ५ टक्के समुद्राचे पाणी मिसळले, तर जडपणा लिटरमागे साधारण ३०० मिलिग्रॅमने आणि क्लोराइड ९५० मिलिग्रॅमच्या आसपास वाढते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक (आयएस १०५००) जडपणा २०० आणि क्लोराइड २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे असे सांगते. दुसरा स्रोतच नसेल तर अनुक्रमे ६०० आणि १,००० पर्यंत चालवून घेते. म्हणजे एवढ्याशा मिसळीने पाणी पहिल्या मर्यादेबाहेर जाते.

ही मिसळ होते कशी? जमिनीखाली गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ढोबळ हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी टिकते. उलट, उपशामुळे वरची पातळी १ फुटाने कायमची उतरली तर खालचे खारे पाणी हळूहळू ४० फूट वर सरकू शकते. म्हणून पाणी मचूळ लागले म्हणून बोअर आणखी खोल नेणे हा उपाय नाही, तो नुकसानीचा रस्ता आहे. वसईतल्या जुन्या लोकांनी बावखले राखली ती याच कारणाने. पावसाचे पाणी तिथे साठून आजूबाजूच्या विहिरींना पाझरत असे. बावखल बुजवून तिथे बांधकाम झाले की विहिरीचा तो आधार जातो.

आरओचे सांडपाणी झाडांना घालू नका

ही चूक मला जवळपास प्रत्येक घरी दिसते. पाणी वाया जाऊ नये, हा हेतू चांगलाच आहे. पण घरगुती आरओ यंत्र १ लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण ३ लिटर बाहेर टाकते आणि क्षार त्यातच राहतात. मूळ पाण्याचा टीडीएस ९०० असेल तर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा जवळपास १,१७० होतो. कुंडीत हे क्षार साचत जातात. मग मोगऱ्याची, गुलाबाची पाने कडेने जळतात आणि दोष खताला दिला जातो. हे पाणी फरशी पुसायला, संडासात वापरा.

पाणी हलके करणाऱ्या सॉफ्टनर यंत्राची बाब वेगळी. ते कॅल्शिअम-मॅग्नेशिअम काढून त्या जागी सोडिअम सोडते. धुण्याभांड्याला उत्तम, पण पिकाला नको. सोडिअममुळे माती चोपण होते. वाडीची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढा. ते यंत्र मिठाने धुतल्यावर निघणारे खारट पाणी तर वाडीकडे वळवूच नका.

वाडीत काय बघाल?

नारळ आणि चिकू खारेपणा बऱ्यापैकी सोसतात. आंबा आणि घेवडा सोसत नाहीत. ठिबकच्या तोट्यांवर पांढरा थर दिसला तर आम्लप्रक्रिया करावी लागते (आम्ल नेहमी पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही). १२:६१:० किंवा ०:५२:३४ सोडण्यापूर्वी त्याच प्रमाणात १ लिटर बाटलीत द्रावण करून तासभर ठेवा. दुधी झाले, तळाशी साका बसला, तर स्फुरद तिथेच वाया जाते आणि तोट्या बुजतात. कोकणात एक सोय आहे. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि निचरा असेल तर वर्षभराचे क्षार धुऊन निघतात. भरावाने निचरा अडला असेल तर मात्र ते तिथेच राहतात.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर पावसाचे साठवलेले पाणी आणि विहिरीचे पाणी दोन सारख्या बाटल्यांत घ्या, साबणाच्या द्रावणाचे सारखेच थेंब टाकून हलवा आणि फेस बघा. बाजारातले टीडीएस पेन एकूण क्षार दाखवते, जडपणा नाही. खरी तपासणी प्रयोगशाळेतच होते. पंप १०-१५ मिनिटे चालवून, प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून १ लिटर नमुना घ्या आणि २४ तासांत पोहोचवा. डहाणू भागातल्यांना कोसबाड हिल येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेता येईल. अहवालात जडपणा, क्लोराइड, सोडिअम, विद्युतवाहकता आणि सामू हे सगळे मागा. नमुना मे महिन्यात एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा द्या. दोन्ही वेळी क्लोराइड चढेच राहिले, तर त्या विहिरीवरचा उपसा तातडीने कमी करावा लागेल.