मोठ्या इमारतींचे वीज-पाणी नियम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोठ्या इमारतींच्या ऊर्जाबचतीच्या नियमांविषयी सर्वाधिक रुजलेला गैरसमज असा, की हरित इमारतीचे मानांकन मिळाले म्हणजे नियमांची पूर्तता झाली. वस्तुतः असे मानांकन मालकाने स्वेच्छेने घ्यायचे असते, तर ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, जिला व्यवहारात ईसीबीसी म्हणतात, ती ऊर्जा संवर्धन अधिनियम, 2001 या कायद्याच्या आधाराने 2007 मध्ये जाहीर झाली आणि 2017 मध्ये सुधारली गेली. ही संहिता केंद्राची असली तरी राज्याने आपल्या हवामानानुसार आवश्यक ते बदल करून ती अधिसूचित केल्यावर आणि स्थानिक बांधकाम नियमावलीत तिचा समावेश झाल्यावरच बांधकाम परवानगीच्या टप्प्यावर तिची तपासणी होऊ शकते.

‘मोठी इमारत’ चौरस मीटरवरून ठरते, हाही एक समज आहे. 2017 च्या संहितेत व्यापारी इमारतीसाठीचा निकष विजेचा आहे : जोडभार, म्हणजे इमारतीतील सर्व उपकरणांच्या क्षमतेची बेरीज, 100 किलोवॉट किंवा अधिक असेल, अथवा कंत्राटी मागणी, म्हणजे वीज कंपनीशी करार करून मागितलेली कमाल मागणी, 120 केव्हीए किंवा अधिक असेल, तर संहिता लागू होते. त्यामुळे भरपूर यंत्रे असलेले छोटेखानी रुग्णालय या कक्षेत येते आणि त्याहून विस्तीर्ण गोदाम बाहेर राहू शकते. 2022 च्या दुरुस्तीने निवासी इमारतींनाही कायद्याच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी केली.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज मात्र गच्चीवरील सौर पॅनेलचा आहे. पॅनेल बसवले की भिंती आणि खिडक्यांचा विचार करण्याची गरज उरत नाही, असे मानले जाते. संहितेची मांडणी याच्या नेमकी उलट आहे, कारण ती इमारतीचे बाह्यकवच, म्हणजे भिंती, छप्पर आणि काच, यांतून आत येणारी उष्णता आधी रोखायला सांगते. संहितेच्या विहित पद्धतीत बाह्य भिंतींच्या एकूण क्षेत्राच्या 40 टक्क्यांहून अधिक भाग खिडक्यांचा नसावा, आणि मुंबईसारख्या उष्ण-दमट प्रदेशात उत्तरेव्यतिरिक्त अन्य दिशांच्या काचेचा सूर्योष्णतेचा गुणांक 0.27 पेक्षा जास्त नसावा, अशी अट आहे. काचेवर पडलेल्या सूर्योष्णतेच्या 100 भागांपैकी किती भाग आत शिरतात, हे हा गुणांक सांगतो; साध्या पारदर्शक काचेत तो 0.8 च्या आसपास असतो.

हा फरक किती मोठा आहे, हे एका हिशेबावरून दिसते. पश्चिमेकडील 100 चौरस मीटर काचेवर दुपारी दर चौरस मीटरला 500 वॉट ऊन पडत आहे असे धरले, तर साध्या काचेतून 40 किलोवॉट उष्णता आत येते आणि 0.27 गुणांकाच्या काचेतून साडेतेरा. मधला साडेसव्वीस किलोवॉटचा बोजा काढून टाकण्यासाठी वातानुकूलन यंत्रणेला सुमारे साडेसात टन जादा क्षमता खर्चावी लागते. कूलिंग टॉवर, म्हणजे यंत्रणेतील उष्णता पाण्याच्या बाष्पीभवनाने हवेत सोडणारा मनोरा, दर टनामागे तासाला साधारण साडेसहा लिटर पाणी वाफेच्या रूपाने गमावतो. म्हणजेच खिडकीची चुकीची काच तासाला सुमारे 50 लिटर पाणी पिते, आणि काच निवडणाऱ्याच्या हे सहसा ध्यानातही येत नाही.

म्हणूनच वीज आणि पाण्याचे नियम वेगवेगळ्या टेबलांवर तपासले जात असले तरी इमारतीच्या दृष्टीने ते एकाच खात्यात मोडतात. कार्यालयासाठी राष्ट्रीय इमारत संहिता माणशी रोज 45 लिटर पाणी गृहीत धरते, म्हणजे हजार कर्मचाऱ्यांना 45,000 लिटर. तेथील यंत्रणा दहा तास सरासरी 300 टनांवर चालली, तर केवळ बाष्पीभवनाने सुमारे 20,000 लिटर पाणी उडून जाते. तेवढ्या पाण्यासाठी पिण्यायोग्य पाणी खर्च करणे ही उधळपट्टी आहे, कारण योग्य प्रक्रिया केलेले सांडपाणी तेथे चालते. हजार लिटर पाणी 100 मीटर उंच चढवायला किमान 0.27 युनिट वीज लागते आणि पंपाची कार्यक्षमता निम्मी असेल तर अर्ध्या युनिटाहून अधिक, त्यामुळे गळका नळ विजेचे बिलही वाढवतो.

पर्जन्यजल संधारणाविषयीचा समज असा, की शोषखड्डा खणला की काम झाले. मुंबईत सुमारे 2,200 मिलिमीटर पाऊस धरला तर हजार चौरस मीटर गच्चीवर वर्षाला 22 लाख लिटर पाणी पडते. पण ते जेमतेम चार महिन्यांत येते, आणि पहिल्या सरींबरोबर येणारी धूळ व पालापाचोळा बाजूला काढला नाही, किंवा गाळणीतील वाळू वेळेवर धुतली नाही, तर खड्डा गाळाने बुजून पाणी गटारात जाते.

भोगवटा प्रमाणपत्र मिळाले की पूर्तता संपली, ही समजूतही अशीच तपासून पाहावी लागते. प्रमाणपत्र इमारत कशी बांधली आहे ते सांगते, ती कशी चालवली जाते हे नव्हे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे 2009 पासूनचे तारांकन ऐच्छिक आहे. मात्र ते चालू इमारतीने वर्षभरात दर चौरस मीटरला प्रत्यक्षात किती युनिट वीज वापरली, यावर दिले जाते. पाण्याचाही असाच माग ठेवता येतो. कूलिंग टॉवरला भर घालणाऱ्या नळावर स्वतंत्र मीटर असावा आणि त्याचे आकडे रोज वहीत उतरवले जावेत; डिसेंबरातही मे महिन्याइतकेच पाणी लागत असेल, तर टॉवरखालच्या टाकीतील फ्लोट व्हॉल्व्ह अडकून पाणी सांडनळीवाटे वाहत आहे काय, हे सर्वप्रथम पाहावे लागते.