कापसाची चांदी

खामगावला रेल्वेनं यायचं म्हणजे जलंबला गाडी बदलायची, हे इथल्या लेकराबाळांनाही पाठ असतं. मुंबई-नागपूर मार्गावरच्या या स्टेशनातून तेरा किलोमीटरचा एक फाटा निघतो आणि खामगावात येऊन संपतो. पुढे रूळ नाहीत. जालन्यापर्यंत ते न्यावेत ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. हा छोटा फाटा मात्र 1870 साली झाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एवढ्याशा रुळासाठी व्हाइसरॉय येतो, तो कापसासाठी.

तोवर खामगावचा कापूस-व्यापार पन्नास वर्षांचा झाला होता. 1820 च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी इथे दुकानं मांडली; तूप, सूत आणि थोडाफार कापूस एवढाच त्यांचा माल. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढे 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला भाव आला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. त्याच वर्षी खामगावला नगरपालिका झाली. एकेकाळी वऱ्हाडातली सगळ्यात मोठी कापूसपेठ म्हणून या गावाची ख्याती होती. तेव्हा खामगाव अकोला जिल्ह्यात होतं. बुलढाण्यात आलं ते 1905 साली.

पण मला सांगायचं आहे ते या कापसाच्या पैशाचं पुढे काय झालं, ते. खामगावला आज सगळे ‘रजतनगरी’ म्हणतात. बाहेरच्याला वाटतं, इथे चांदीची खाण असावी. खाण नाही. इथे कापूस आला, कापसामागे रोकडा आला आणि रोकड्यामागे चांदी. व्यापारी आणि कारागीर घराणी राजस्थानातूनही येऊन इथे रुजली. शेतकऱ्यानं बैलगाडी रिकामी केली, अडत्याकडून पट्टी घेतली की त्याची पुढची फेरी सराफ्यातच असायची. बायकोसाठी गोट, लेकीच्या लग्नासाठी तोरड्या, तान्ह्यासाठी वाळे. मराठीत एखाद्याची ‘चांदी झाली’ म्हणतात, ते आमच्याकडे शब्दशः खरं होतं.

माझ्या आजीच्या हातात असे गोट होते. जाड, भरीव, वर्षानुवर्षं कामात घासून आतल्या बाजूनं गुळगुळीत झालेले. ती म्हणायची, “बँकीत पैसा कागदाचा राह्यते बाप्पा, हे माह्या हातात राह्यते.” 1972 च्या दुष्काळात ते गोट तिनं मोडीत दिले. त्याच वर्षी राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि पेठेत माल टाकून त्याच दिवशी रोकडा खिशात घालण्याची रीत बदलली. चार वर्षांनी आजोबांनी तिला नवे गोट करून दिले, जुने मोडले होते त्याच पेढीतून. दुसरीकडे जायचं आजीला सुचलंही नसतं.

ही निष्ठा कशावर उभी आहे, ते कारागिराच्या शेजारी तासभर बसलं की कळतं. जुनी मोड मुशीत जाते, वर टाकणखाराची चिमूट पडते. चांदी वितळून पाऱ्यासारखी डुलायला लागली की ती साच्यात ओततात. मग ऐरणीवर ठोकणं, तापवणं, पुन्हा ठोकणं. टंच बघायची एक साधी, जुनी खूण त्यानं मला दाखवली. तुकडा लाल होईपर्यंत तापवायचा आणि गार होऊ द्यायचा. चांदी चोख असेल तर ती पांढरीच राहते. तांबं जास्त मिसळलं असेल तर काळवंडते. त्यानं दोन तुकडे शेजारी ठेवले. एक दुधासारखा, दुसरा चुलीतल्या तव्यासारखा. घडणावळीवर घासाघीस होते, टंचावर कुणी बोलत नाही. धनत्रयोदशीला दूरदूरच्या गावांहून माणसं इथे येतात, ती याच भरवशावर.

असा भरवसा पेठेत आपोआप येत नसतो. कापसाच्या व्यवहारात शेतकऱ्याला काट्यावर, कटतीत, धर्मादायाच्या नावावर सर्रास नागवलं जायचं. म्हणून 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा खास कायदा झाला. देशभरातल्या बाजार समित्यांच्या कायद्यांची मुळं त्यात सापडतात. बाजार समितीत रांगेत उभा राहणाऱ्या आजच्या शेतकऱ्याला हा इतिहास कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पेठेचं मन बघायचं तर सणात यावं. गणेशोत्सवात फरशी भागातल्या अय्याच्या कोठीचा लाकडी गणपती मानाचा. विसर्जनाच्या मिरवणुकीत तो पुढे, बाकीची मंडळं त्याच्या मागे. नवरात्राची तर आणखी निराळी गोष्ट. साऱ्या महाराष्ट्रात दसऱ्याला देवी उठते. आमच्या जलालपुऱ्यात मोठ्या देवीचा उत्सव सुरूच होतो कोजागिरीला. शांती उत्सव म्हणतात त्याला. युद्ध संपवून शांत झालेली जगदंबा, असं जुनी माणसं सांगतात. या दिवसांत शेतात पहिल्या वेच्याची तयारी असते, बायका कापसाच्या ओळीत सीतादही मांडतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग ओट्या बांधतात. शेतातलं पांढरं सोनं आणि गावातली देवी एकाच वेळी येतात. मला यात योगायोग वाटत नाही.

गेल्या दिवाळीत आजीचे ते दुसरे गोट घेऊन मी सराफ्यात गेले. मोडायचे नव्हते, नुसते उजळायचे होते. आतल्या बाजूचा ठसा झिजून अर्धा राहिलेला. पेढीवरच्या काकांनी भिंग लावून तो पाहिला, काही बोलले नाहीत, गोट आत पाठवले. रिठ्याच्या पाण्यातून निघून ते पुढ्यात आले तेव्हा काकांनी काट्यावर ठेवले, वजन एका चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी गोटांसोबत माझ्या हातात दिली. “जपून ठेवा,” ते म्हणाले, “पुढच्या वेळी ताडून बघा.”