ऑनलाइन प्रवेश अर्ज : माहितीचे जतन आणि पडताळणी

इयत्ता अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशपद्धती मुंबई विभागात २००९ पासून रूढ झाली आणि २०२५ मध्ये ती राज्यभर विस्तारली. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील महाविद्यालयेही विविध कारणांसाठी ऑनलाइन अर्ज मागवितात. अशा अर्जामागील तर्क प्राध्यापकवर्गास ठाऊक असणे अगत्याचे आहे, कारण अडलेला विद्यार्थी अखेर त्यांच्याकडेच येतो.

अर्ज भरला जात असताना दोन स्वतंत्र प्रश्न उद्भवतात. आतापर्यंत काय भरले, हा पहिला. त्यास अर्जाची स्थिती म्हणता येईल. भरलेले ग्राह्य आहे काय, हा दुसरा. ती पडताळणी होय. पुष्कळदा या दोहोंची गल्लत होते. एक रकाना रिकामा म्हणून संपूर्ण पान जतन करण्यास नकार मिळतो आणि नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्राच्या प्रतीक्षेत असलेल्या विद्यार्थ्याचे इतर सर्व श्रम वाया जातात. वस्तुतः अपूर्ण अर्ज मसुदा म्हणून सर्व्हरवर साठवावा. नियमांची सक्ती अंतिम सादरीकरणाच्या वेळी करावी.

पडताळणीचेही स्तर आहेत. १९७२ साली सुरू झालेला पिनकोड सहा अंकी आहे. बदलापूरचा ४२१५०३ लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली तरी सहा अंकांची अट पूर्ण होतेच, कारण पिनकोडात तपासणी-अंक नाही. तेथे टपाल खात्याच्या यादीशी ताडून पाहावे लागते. त्यातही उल्हासनगरला ४२१००१ ते ४२१००५ असे पिनकोड असल्याने ‘एक शहर, एक पिनकोड’ हे गृहीतक टिकत नाही. आधार क्रमांकाचे तसे नाही. त्याचा बारावा अंक व्हरहोफ पद्धतीने काढलेला असून एका अंकाची चूक किंवा लगतच्या दोन अंकांची अदलाबदल त्यामुळे हमखास उघड होते. क्रमांक त्याच विद्यार्थ्याचा आहे, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

सर्वाधिक अन्याय नावाच्या रकान्यात होतो. ‘केवळ अक्षरे स्वीकारावीत’ हा नियम बहुधा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असतो. युनिकोडमध्ये काना, वेलांटी व अनुस्वार यांची गणना अक्षरांत न होता चिन्हांच्या वर्गात होते. परिणामी ‘गीता’ हे निर्दोष नाव चुकीचे ठरते! ‘क्षितिज’ वाचकास तीन अक्षरी, तर संगणकास सात घटकांचे असते. लांबीची मर्यादा ठरविताना हे ध्यानी घ्यावे. शिवाय १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शासनाने नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम ठरविला आहे. तीन रकान्यांवर बेतलेल्या प्रणाली त्यापूर्वीच बदलून ठेवणे इष्ट.

ब्राउझरमधील तपासणी ही भरणाऱ्याची सोय होय. ती सहज टाळता येते. म्हणून तेच नियम सर्व्हरवर पुन्हा लावावेत. अर्ज नाकारल्यास भरलेली माहिती जशीच्या तशी परत दाखवावी आणि चूक त्या-त्या रकान्याशेजारी सुबोध मराठीत नोंदवावी.