मेदाची कुपी

पेशीला प्रथिन घडविण्याचा हुकूम पोहोचविणारा एमआरएनए हा रेणू इतका नाजूक असतो, की शरीरात तो उघडा सोडला तर पेशीच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच त्याचा चुराडा होतो. म्हणूनच मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने सिद्ध केलेल्या 'जेमकोव्हॅक-१९' या पहिल्या भारतीय एमआरएनए लसीला जून २०२२ मध्ये तातडीच्या वापराची परवानगी मिळाली, तेव्हा लसीइतकेच तिच्या वाहनाचे, म्हणजे त्या रेणूला सुखरूप नेणाऱ्या अतिसूक्ष्म मेदकणांचे, मला अगत्य वाटले. फायझरची लस प्रारंभी उणे ७० अंशांच्या आसपास जपावी लागे. हिंजवडीची लस २ ते ८ अंशांत, आरोग्य केंद्रातल्या साध्या फ्रिजमध्ये टिकते. ताम्हिणीच्या बाजूच्या वाड्यांत पावसाळ्यात वीज किती वेळ राहते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या तपशिलाचे मोल निराळे सांगावयास नको.

औषधाइतकीच त्याच्या वाहनाची चिंता वाहणारी ही विद्या महाराष्ट्रात मात्र हिंजवडीच्या कितीतरी आधी, परळच्या केईएम रुग्णालयात रुजली होती, आणि तिचे श्रेय ज्यांना मन:पूर्वक द्यावयास हवे त्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते. पुढे त्या याच रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या. परंतु अधिकारपदापेक्षा मला त्यांचे मोठेपण दिसते ते एका जुन्या, जालीम औषधाशी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या झुंजीत.

ते औषध म्हणजे अॅम्फोटेरिसिन बी. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजंतूपासून १९५० च्या दशकात ते हाती आले. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते. त्याला हे औषध चिकटते, आवरणाला छिद्रे पाडते आणि बुरशी मरते. दुर्दैव असे, की मानवी पेशीतील कोलेस्टेरॉल हे एर्गोस्टेरॉलचे सख्खे भावंड शोभावे इतके त्याच्यासारखे असल्याने शत्रूवरचा वार स्वकीयांवरही पडतो: सलाईन लावल्यावर थोड्याच वेळात रुग्णाला हुडहुडी भरते, ताप चढतो, आणि दिवसागणिक मूत्रपिंडे खालावत जातात. रोग मारावा की रुग्ण राखावा, अशा पेचात वैद्य सापडत.

इंग्लंडमध्ये अॅलेक बँगहॅम यांना १९६० च्या दशकात असे आढळले होते, की पेशींच्या आवरणात असणारी मेदद्रव्ये पाण्यात सोडली की आपसूक वळून पोकळ गोळ्या बनतात. याच त्या लायपोसोम. औषध या मेदाच्या पडद्यात बसविले, तर मूत्रपिंडावरचा त्याचा घाव पुष्कळ सौम्य होतो, आणि यकृत व प्लीहा येथील भक्षक पेशी त्या गोळ्या गिळत असल्याने, ज्यावरही हे औषध चालते त्या काळा आजाराचे परजीवी नेमके जिथे दडून बसतात तिथेच औषध जाऊन पोहोचते. परदेशी लायपोसोमी औषध सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेरचे होते. केईएमच्या या चमूने दिल्ली विद्यापीठातील प्रा. बिमल कुमार बच्छावत यांच्या सहकार्याने देशी औषध घडविले. १९९३ साली त्याचे पेटंट झाले आणि पुढे 'फंगीसोम' या नावाने ते बाजारात आले. प्रयोगशाळेतील उंदरापासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा हा प्रवास सरकारी शिस्तीच्या, गर्दीने गजबजलेल्या महापालिकेच्या रुग्णालयात झाला, ही गोष्ट मला विशेष अभिमानाची वाटते.

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनापाठोपाठ म्युकरमायकोसिस हा बुरशीजन्य आजार महाराष्ट्रभर पसरला आणि याच औषधाची चिठ्ठी मुठीत धरून नातलग दुकानोदुकानी हिंडू लागले. मुळशी खोऱ्यातील माझ्या परिचयाच्या एका शेतकऱ्याच्या डोळ्याखाली तेव्हा काळसर सूज आली होती. त्यांच्या मुलाने मला पुढे सांगितले, की बाटली आली तरी सिस्टर ती लगेच लावीनात. पिवळसर, गढूळ द्रवाची ती बाटली त्यांनी पाण्याने भरलेल्या एका यंत्रात उभी केली. साठवणीत मेदाचे गोळे मोठे असतात; श्राव्यातीत ध्वनिलहरींनी ते ४५ मिनिटे हलविले, की फुटून नॅनोमीटरांत मोजण्याइतके लहान होतात, आणि मगच औषध शिरेत सोडावयाचे असते. पोरगा दाराशी बसून घड्याळाकडे पाहत होता. आत यंत्राची बारीक गुणगुण चालू होती.